निदान कोंबड्यांचं तरी कळव

२ मार्च

प्रिय बारके,

ठरल्याप्रमाणे महिन्याचं पत्र. हे चोविसावं. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस, पण उत्तर द्यायचं असं ठरलंच नव्हतं, तेव्हा तक्रार करायला मला जागा नाही. ठरलं होतं ते एवढंच. आई गेल्यावर चार दिवस राहून तू निघालीस, आणि बॅग उचलून पायऱ्या उतरताना म्हणालीस, "आईचं नाही कळवलंस. आता निदान कोंबड्यांचं तरी कळव." मी मान डोलावली. म्हणून हा कागद. माझा फोन तू उचलत नाहीस, हे मनाला लावून घेणं मी आता सोडून दिलंय.

तर इकडे सगळे मजेत. हेडबाईंचा दरारा कायम आहे. साहेब पहाटे एकदा आरवतात आणि दिवसभर त्या श्रमाची विश्रांती घेतात. लंगडी लंगडतेच, पण दाणे टाकले की तिचा पाय कसा काय बरा होतो देव जाणे. दोन तांबड्यांमधला फरक मला अजून कळत नाही. एक आहे ती खाते आणि दुसरी आहे तीही खाते. तुरेवाली, सावळी, ठिपकी ठीक. म्हातारीला आठ वर्षं झाली. तू नोकरीला गेलीस त्या वर्षी बल्बखाली ठेवून उबवलेल्या पिल्लांतली ती एकटीच उरली आता. अंडी देणं तिने केव्हाच सोडलंय, पण मी मागच्या पायरीवर बसलो की शेजारी येऊन बसते आणि माझ्या बुटाची लेस ओढते.

रोज संध्याकाळी खुराड्याचं दार लावताना मी मोजतो. एकतीस वर्षं लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचले, ती खोड जाते कुठे? दारात जायचं, आकडा बघायचा, वहीत मांडायचा, पुढचं दार. आकडा जुळला की माझं काम झालं.

आणि आता एक बातमी. नऊ होते त्यांचे अकरा झाले! तो किल्लीवाला आठवतो का, आपलं मागचं दार अडकलं होतं तेव्हा आला होता तो? तो दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेला. त्याच्या दोन पांढऱ्या कोंबड्या घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी घेतल्या. पिशवीतून आणल्या आणि सरळ आपल्यांमध्ये सोडल्या. हेडबाईंनी दोन दिवस टोचून टोचून त्यांना नियम शिकवले. आता सगळ्या एकाच भांड्यातून पाणी पितात. एकीचा घसा जरा घरघरतो. किल्लीवाला म्हणाला, तिचा आवाजच तसा आहे.

ठिपकी कालपासून शिंकते आहे. धूळ असेल.

आईबद्दल तू मनात काय धरून बसली आहेस ते मला ठाऊक आहे. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. तिनेच मला बजावलं होतं, बारकीला कळवू नकोस, नोकरी नुकतीच बदलली आहे, ती सगळं टाकून धावत येईल. मी तिचा शब्द पाळला. याहून जास्त मी काय करायला हवं होतं?

तुझा,
दादा


९ मार्च

प्रिय बारके,

महिना व्हायच्या आत पाकीट बघून दचकू नकोस. तसं काही नाही. वेळ होता म्हणून लिहितोय. वेळ मला नेहमीच असतो म्हणा.

ठिपकीला थोडी सर्दी झाली आहे. चार दिवसांपूर्वी ती भर उन्हात पिसं फुगवून, मान आखडून, डोळे अर्धे मिटून उभी होती. मला वाटलं खुडूक झाली, अंड्यांवर बसायचा नाद लागला असेल. मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दाण्यांवर सगळ्या तुटून पडल्या, तरी ही जागची हलली नाही. तुरा बघितला तर फिका. नाकपुडीशी चिकट काहीतरी. मग मात्र उचलून घरात आणली.

स्वयंपाकघरात, ओट्याखाली, खोक्यात ठेवली आहे. खाली जुनी वर्तमानपत्रं. रोज सकाळी उठल्या उठल्या मी आधी तिच्याकडे जातो. दाणे भिजवून हातावर भरवतो, नाक अंगठ्याने पुसतो, दोन शब्द बोलतो. "काय बाई, रात्र कशी गेली?" मग तेच भांडं घेऊन बाकीच्यांना वाढायला मागे जातो. बिचारी एकटी पडते ना, म्हणून तिला पहिला मान.

एक सांगू? हसू नकोस. घरात कुणीतरी श्वास घेतंय, हे बरं वाटतं. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. ती ऐकते की नाही कोण जाणे, पण मध्येच घशातून बारीक आवाज काढते आणि मला वाटतं हुंकार भरला. दोन वर्षांत या ओट्यापाशी मला कुणी हुंकार दिला नव्हता. आई गेल्यापासून मी भांडी घासतानासुद्धा आवाज होऊ देत नाही. का ते मला विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

समोरच्या निवृत्त मास्तरीणबाईंना रोजची दोन अंडी देतो आहेच. त्या विचारतात, "बहीण काय म्हणते?" मी सांगतो, मजेत आहे. आता तू मजेत आहेस की नाही मला कुठून कळणार? पण कुणी विचारलं की माझ्या तोंडून मजेतच निघतं. सवय.

ठिपकी दोन दिवसांत उठेल. काळजीचं कारण नाही.

तुझा,
दादा


१५ मार्च

बारके,

ठिपकी गेली. अकरा तारखेला, दुपारी. आज पंधरा.

मधल्या चार दिवसांत मी काय केलं तेही लिहितो. बारा तारखेला मी तुला एक पत्र लिहिलं. त्यात लिहिलं होतं, ठिपकी सुधारते आहे, कालपासून दाणे टिपते. सकाळी तिला पुरून आल्यावर, हाताची माती धुऊन, चहा पिता पिता मी हे लिहिलं. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं घातलं आणि तिथेच उभा राहिलो. मागे एक बाई थांबली होती. म्हणाली, "टाकताय की नाही?" मी म्हणालो, "नाही." आणि घरी आलो. ते पाकीट जाळलं. मग तीन दिवस काहीच लिहिलं नाही. खोटं लिहायचं नाही एवढंच जमत होतं, खरं लिहायला हात उचलत नव्हता.

आता खरं. दोन्ही तांबड्या, सावळी आणि तुरेवाली, चौघींची तोंडं सुजली आहेत. एका तांबडीचा डोळा पार मिटला आहे. नाकातून पाणी येतं आणि त्याला घाण वास आहे. खुराड्याचं दार उघडलं की तो वास तोंडावर येतो. अंडी अकरावरून तीनवर आली... छे, हेही चूक लिहिलं, अंडी कधीच अकरा नव्हती, दिवसाला पाच-सहा. माझं डोकं ठिकाणावर नाही.

तेरा तारखेला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तोंडाने फटकळ. स्वतः घरी आल्या. दारातच पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, हातात मोजे घातले. एकेक कोंबडी उलटी करून बघितली, पाठीला कान लावून श्वास ऐकला, पोटाखाली चाचपलं. मग माझ्याकडे वळल्या.

"नव्या कोंबड्या आणल्यात का इतक्यात?"

"दोन."

"वेगळ्या ठेवल्या होत्या? महिनाभर?"

"महिनाभर? नाही हो. सरळ आत सोडल्या."

"बरं. आणि आजारी कोंबडी घरात होती म्हणता. मग सकाळी आधी कुणाकडे जायचात, काका?"

"तिच्याकडे. ती एकटी असायची ना."

"आणि मग बाकीच्यांकडे? याच चपला? हेच भांडं? हात धुऊन?"

त्यांनी माझ्या हातातल्या भांड्याकडे बघितलं.

"म्हणजे रोज सकाळी तुम्ही रोग स्वतःच्या हाताने वाढत होतात. आधी निरोगी, मग आजारी. नेहमी. उलट कधीच नाही."

बारके, मी तिच्यावर माया करत होतो गं. आणि नेमकी तीच नडली.

मी म्हणालो, मी रोज मोजत होतो, अकरा भरत होत्या. त्या म्हणाल्या, "मोजून काय कळणार? कोंबडी आजार लपवते. दुबळी दिसली तर बाकीच्या टोचतात, म्हणून शेवटपर्यंत बरी असल्यासारखी वागते. तुम्हाला दिसला म्हणजे तो चार दिवस जुना. मोजायचं नाही, बघत बसायचं. दाणे टाकले की मागे कोण राहतं, ते बघायचं." एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं.

त्यांना वाटतं ही संसर्गाची सर्दी आहे, औषधाला दाद देणारी. पण बर्ड फ्लू नाही ना, हे बघायला नाकातोंडातला नमुना पाठवला आहे. तो निघाला तर सगळ्या मारतात. चांगल्या, वाईट, सगळ्या, आणि खड्ड्यात पुरतात. निकाल यायला पाच दिवस. तोवर एकही कोंबडी दाराबाहेर जायची नाही, एकही अंडं कुणाच्या घरी जायचं नाही.

मास्तरीणबाईंकडे जाऊन सांगून आलो. अंडी नीट शिजवूनच खाल्लीत ना, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग आधी का नाही बोललात?" मी बाहेर रस्त्यावरच उभा होतो, त्या खिडकीत. त्यांनी खिडकी लावून घेतली. रागाने नसेल, पण लावून घेतली.

तुझा,
दादा


२४ मार्च

बारके,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. मायना नाही, खाली सही नाही, दादा म्हणून हाक नाही, नुसते सात प्रश्न. पोस्टमनसमोर मी शहाण्यासारखा उभा राहिलो आणि आत येऊन कार्ड तीनदा वाचलं. वाण्याच्या यादीतसुद्धा याहून जास्त माया असते. पण आलं!

उत्तरं देतो. निकाल आला, बर्ड फ्लू नाही. सर्दीच आहे. औषध पाण्यातून चालू आहे. दुसरं कुठलंही पाणी त्यांना मिळणार नाही अशी व्यवस्था केली आहे, मागच्या नळाखाली डबकं साचायचं तेही बुजवलं. डोळे मीठ घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून तीनदा पुसतो, प्रत्येकीला वेगळा कापूस. आजारी जुन्या न्हाणीघरात, चांगल्या मागे. आधी चांगल्यांकडे जातो, मग आजारींकडे. न्हाणीच्या दाराशी वेगळ्या चपला आहेत, भांडी वेगळी, ती धुऊन उन्हात वाळवतो. अंडी कुणी खात नाही, मीही नाही. पुरतो.

औषध पोचायच्या आधीच सावळी गेली. आणि एक तांबडी. कुठली ते विचारलं आहेस, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. इतकी वर्षं दोघींना एक समजलो. आता उरलेली दिवसभर कोपऱ्यात उभी असते आणि मला कळतं की त्या दोघी होत्या.

उरल्या आठ. हेडबाई, साहेब, लंगडी यांना काही झालं नाही. तुरेवालीची सूज उतरली, कालपासून दाण्यांवर भांडते आहे. त्या पांढऱ्या दोघी ठणठणीत! रोग घेऊन आल्या आणि स्वतः मजेत. मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मग वाटलं, त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? डॉक्टरीणबाई म्हणतात, ज्या बऱ्या होतात त्यांच्या अंगात हा आजार दडून राहतो. आता इथून कुणाला द्यायची नाही, बाहेरून कुणी आणायची नाही. जे आहेत ते आपापसात राहणार, संपेपर्यंत. मी म्हणालो, सवय आहे. त्यांना वाटलं मी कोंबड्यांबद्दल बोलतोय.

म्हातारी अजून बरी आहे. तुझा तिसरा प्रश्न नुसता "म्हातारी?" एवढाच होता. ती बरी आहे.

राहिला सातवा. "हे मला किती दिवसांनी कळवतो आहेस?"

चार दिवसांनी. शिंकेपासून धरलं तर चौदा.

आणि आईच्या आजारपणाचं अकरा आठवड्यांनी, ती गेल्यावर. तू तोच आकडा विचारला आहेस, मला कळतं.

ऐक आता. आईने मला काहीही बजावलं नव्हतं. कळवू नकोस असं ती एकदाही म्हणाली नाही. ते मी रचलं. तू दारात बॅग घेऊन उभी होतीस, आत आई नव्हती, तू विचारलंस "का?" आणि माझ्या तोंडून ते निघालं. मग दोन वर्षं तेच सांगत राहिलो. दोन मार्चच्या पत्रातसुद्धा, त्याच्या आधीच्याही.

ती रोज तुला विचारायची. सकाळी दूध पाजताना विचारायची, "बारकी कधी येते?" मी सांगायचो, कळवलंय, रजा मिळत नाही, येईलच. तू फोन करायचीस तेव्हा मी म्हणायचो, झोपली आहे, मजेत आहे. दोघींच्या मध्ये मी बसलो होतो आणि दोघींना खोटं सांगत होतो.

का, तेही सांगतो. तू लहानपणापासून तिची. तू घरात आलीस की ती तुझ्याकडेच बघायची. मी थोरला, कामाचा, भाजी आणणारा. त्या अकरा आठवड्यांत मी तिचे केस विंचरले, पाय चेपले, भरवलं. ती माझा हात धरून झोपायची. मला वाटायचं, तू आलीस की हा हात ती सोडेल आणि तुझा धरेल. रोज म्हणायचो, उद्या कळवू. मग ती एकदम खालावली आणि उद्या राहिलाच नाही.

तू आली असतीस तर ती तुला बघून गेली असती. मी ते तिच्यापासून हिरावलं, आणि तुझ्यापासून. मला माफ कर असं लिहायची लाज वाटते, म्हणून लिहीत नाही. पण हे तुला ठाऊक असायला हवं. आता तुझं कार्डसुद्धा येणार नाही, हे धरून पाकीट चिकटवतो आहे. आणि पेटीपाशी थांबणार नाही.

दादा


२७ मार्च, सकाळ

बारके,

दाणे टाकले. सगळ्या धावल्या. म्हातारी पायरीपाशीच राहिली.

मोजल्या असत्या तर आठ भरल्या असत्या. पण आता मी बघत बसतो. ती आली, उशिरा, आणि दाणे टिपल्यासारखं केलं. चोच खाली नेली, वर आणली, पण खाल्लं काहीच नाही. मी बघतोय म्हणून तिने तसं केलं.

उचलली तर हाताला नुसतं हाड लागलं. वरून पिसांचा फुगारा, आत काही नाही. तोंड सुजलेलं नाही, पण छाती घरघरते. डॉक्टरीणबाईंनी बघितली. औषध दिलं. म्हणाल्या, आठ वर्षं म्हणजे कोंबडीचं वय झालं काका, आशा लावून बसू नका. चार दिवस, फार तर.

पत्र तुला पोचायला चार दिवस लागतात. तू बसने यायला एक रात्र आणि अर्धा दिवस.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. फोनचं मला डॉक्टरीणबाई गेल्यावर सुचलं. त्या उद्या सकाळी इंजेक्शन द्यायला येणार आहेत. त्यांचा फोन मागून घेतो. माझा नंबर बघून तू उचलणार नाहीस, त्यांचा उचलशील.


३० मार्च, सकाळी दहा

प्रिय बारके,

तू बसमध्ये आहेस. दुपारी चारपर्यंत पोचशील. हे पत्र मी तुझ्या हातात देणार आहे, कारण समोर आलीस की मी काहीतरी वेगळंच बोलेन. उकाड्याबद्दल वगैरे. मला मी माहीत आहे.

परवा फोनवर तू हॅलो म्हणालीस आणि मी दादा बोलतोय म्हटल्यावर म्हणालीस, "तुझं पत्र आत्ताच आलं. आईचं." मला वाटलं, आता ठेवशील. मी घाईने सांगून टाकलं, "म्हातारी आजारी आहे, जिवंत आहे, दोन-तीन दिवस आहेत, येतेस का?" एका दमात. तू विचारलंस, "खरंच जिवंत आहे?"

तू तसं विचारावंस हे बरोबरच होतं. माझ्या तोंडचं जिवंत तुला पुरणार कसं? म्हणून मी ओट्याखाली, तिला ठेवलेल्या खोक्यापाशी वाकलो आणि फोन तिच्या छातीशी धरला. डॉक्टरीणबाई इंजेक्शन हातात घेऊन बघत राहिल्या. मी पण श्वास रोखून धरला, तुला फक्त तिचा ऐकू यावा म्हणून. किती वेळ गेला माहीत नाही, माझे गुडघे भरून आले. फोन कानाला लावला तेव्हा तू म्हणालीस, "उद्या रात्री निघते." माझ्या डोळ्यांत पाणी बघून डॉक्टरीणबाईंनी उगाच पिशवी आवरायला घेतली.

यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आजचं.

म्हातारी आज सकाळी सात वाजता गेली. माझ्या मांडीवर. त्रास झाला नाही. दोनदा पाय ताणले आणि मान माझ्या मनगटावर टाकली. मला वाटलं झोपली.

सात ते आठ मी तसाच बसून होतो. पाठीला हात लावून, ऊब होती तोवर. आणि त्या तासाभरात मी काय विचार करत होतो ते सांगतो. मी विचार करत होतो, तुला कळवू नये. बसमध्ये आहे, प्रवासात कशाला. रडेल, चारचौघांत. आली की सांगू. असं सगळं तुझ्या भल्याचंच येत होतं मनात, सुचायला मला कधी वेळ लागत नाही. आणि त्याच्या खाली खरं होतं ते असं: तू येत होतीस ती म्हातारीसाठी. ती नाही म्हटल्यावर पुढच्या थांब्यावर उतरशील आणि परतीची बस धरशील. या घरात तुझं दुसरं काय आहे? मी गप्प राहिलो तर निदान तू दारापर्यंत येशील. मी तुला बघेन तरी.

आठ वाजून पाच मिनिटांनी मी फोन केला. माझ्या नंबरवरून. तिसऱ्या रिंगला तू उचललास. मागे बसचा आवाज होता, कुणाचं तरी मूल रडत होतं. मी म्हणालो, "गेली. सात वाजता." आणि लगेच म्हणालो, "तुला परत जायचं असलं तर जा, मी समजू शकतो." ड्रायव्हरने हॉर्न दिला, तो मला ऐकू आला. मी फोन हातात धरून ओट्याला टेकलो होतो आणि मनात म्हणत होतो, झालं, उतरली.

मग तू म्हणालीस, "चारला पोचते. तिला पुरू नकोस तोवर." आणि मग, मला वाटलं आता ठेवते आहेस, तेवढ्यात विचारलंस, "दादा, तू काही खाल्लंस का?"

दोन वर्षांत तू आठ प्रश्न विचारलेस, कार्डावर सात, परवा फोनवर एक, आठही कोंबड्यांबद्दल. हा नववा. मला इतकं भरून आलं की मी पटकन हो म्हणालो, खाल्लं.

ते खोटं होतं, बारके. परवापासून मी काहीही खाल्लेलं नाही. लवकर ये.

दादा